कुठलं सॉरी?

लॉन्ड्रीवाल्या मावशींना इंग्रजीतला एकच शब्द पक्का यायचा, सॉरी. कुणाच्या सदऱ्यावर इस्त्रीचा चटका उमटला की त्या गिऱ्हाइकाला ताठ मानेनं सॉरी म्हणत आणि नवा सदरा घेऊन देत. सॉरी म्हणजे चूक आमची, भरपाई आमची. गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर पडलं की मग इस्त्री करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

म्हणून ऑपरेशनच्या खोलीतून तरुण डॉक्टर बाहेर आला आणि "सॉरी, आजी" म्हणाला, तेव्हा मावशी कंबर कसून उभ्या राहिल्या. धाकटा लेक सकाळी अपेंडिक्ससाठी स्वतःच्या पायांनी आत गेला होता. संध्याकाळी भांडायला मी हजर, असं आईला चिडवून.

"काय चुकलं?" मावशींनी विचारलं.

डॉक्टर गडबडला. चुकलं काहीच नाही, पण तो गेला, त्याचं वाईट वाटतंय, असं कसंबसं म्हणाला.

"चुकलं नाही, तर सॉरी कशाला म्हणालास?"

सिस्टरनं त्याला दंडाला धरून आत नेलं.

थोरली सून शाळेत इंग्रजी शिकवायची. बाकावर बसून मावशींनी तिलाच धारेवर धरलं. एवढी शिकलीस, तर सांग. सुनेनं डोळे पुसत सांगितलं, की हा शब्द मुळात दुखण्याचा. जखम ठणकते ना, त्यातला. चुकीची कबुली त्यात मागाहून शिरली. आता दोन्हीला लोक तोच वापरतात.

"मग मला कळायचं कसं? माझं लेकरू त्यांच्या हातून गेलं, की त्याचं तेवढंच होतं?"

"शब्दावरून नाही कळायचं, आई."

मावशी रडल्या नाहीत. परक्यांपुढे रडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. हात जोडून तेही सॉरी म्हणाले.

"कुठलं, डॉक्टर? दुखण्याचं, की चुकीचं?"

त्यांनी मावशींकडे पाहिलंच नाही. सुनेकडे वळून इंग्रजीत बोलत राहिले, बराच वेळ. सून खाली बघत मान हलवत होती. ते गेल्यावर मावशी म्हणाल्या, "एवढं काय सांगत होता?"

सुनेनं त्यांचा हात हातात घेतला. "तेच, आई. जरा लांबवून."

मावशींनी हात सोडवून घेतला.