गेलाच समजा, साहेब!

नामगुंग साहेबांना प्रो गोल्फर व्हायचं होतं. वय वर्षं त्रेपन्न. गोल्फची काठी पहिल्यांदा हातात धरली ती पंचेचाळिसाव्या वर्षी, तीसुद्धा उलटी. ह्यावर मी हसायचा हक्क केव्हाच गमावला आहे, कारण त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्यांत मीही होते. शिडी तर माझीच होती.

मी कू मी-रान. इछन शहराबाहेरच्या डोंगरातल्या ह्या मैदानावर एकोणीस वर्षं कॅडी आहे. चौघांच्या काठ्या गाडीत भरायच्या, गाडी चालवायची, वारा कुठला ते सांगायचं, हरवलेले बॉल शोधायचे आणि कोणी किती फटके मारले ते गाडीतल्या टॅबवर भरायचं. हे शेवटचं काम फार नाजूक. त्यावर लोकांच्या नोकऱ्या टिकतात.

साहेब राइस कुकरच्या कंपनीत डायरेक्टर. दर दुसऱ्या शनिवारी हाताखालच्या तिघांना घेऊन यायचे: प्यो, सुल आणि मा. तिघंही चांगले खेळायचे, पण साहेब बघायला लागले की तिघांच्या मनगटात एकदम वात भरायचा. साहेबांचा बॉल झाडीत गेला की मा आत धावायचा आणि खिशातला नवाकोरा बॉल गवतावर टाकून ओरडायचा, "साहेब, सापडला! केवढं नशीब हो तुमचं!"

आणि 'ओके'. बॉल होलजवळ आला की शेवटचा हलका फटका मारायलाच हवा असं नाही. सोबतच्यांनी 'ओके' म्हटलं की गेलाच समजायचा आणि उचलायचा. मित्रामित्रांत हे हातभर अंतरापर्यंत चालतं. साहेबांचा हात मात्र बढतीबरोबर लांबत गेला. मॅनेजर होते तेव्हा हातभरच होता. डायरेक्टर झाले आणि दोन मीटरवरूनही प्यो गर्जायचा, "ओके साहेब! गेलाच समजा!" साहेब नको नको म्हणत वाकायचे आणि बॉल उचलायचे. आठ वर्षांत त्यांचा बॉल होलात पडल्याचा आवाज मी फार तर पाच-सहा वेळा ऐकला असेल.

मी काय करायचे? आठ फटके झाले की पाच लिहायचे. पहिल्या होलला एकाने जरी पार केला, म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांत संपवला, तरी चौघांच्या नावापुढे पार लिहायचा ही आमच्याकडची रीतच. साहेबांसाठी मी ती रीत अठराव्या होलापर्यंत ताणली. शेवटी अठरा होलांची बेरीज अठ्ठ्याहत्तर, म्हणजे जवळपास प्रोचाच आकडा. साहेब टॅबकडे बघून म्हणायचे, "आज जरा घसरलोच, नाही?" पोरांच्या खेळात कच्चा लिंबू असतो ना, तसेच आमचे साहेब. फरक एवढाच की कच्च्या लिंबाला आपण कच्चा आहोत हे ठाऊक असतं.

गेल्या सप्टेंबरात कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. फॉर्म भरायची शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी सहा. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आमच्याच मैदानावर प्रोच्या परीक्षेची पहिली फेरी. साहेबांना त्यात देवाचा हात दिसला. फॉर्म गोल्फच्या बॅगेत घालून ते मला म्हणाले, "कू ताई, अगदी खरं सांगा. नोकरी सोडून ह्यात उतरू का?"

मागच्या सीटवर तीन माना एकदम हलल्या. मी म्हटलं, "साहेब, मला विचाराल तर उशीरच झालाय."

त्यांना वाटलं मी कौतुक केलं. खूश होऊन म्हणाले, "बघा! ह्या बाईला खेळ कळतो!" परीक्षेच्या दिवशी गाडीवर हीच ताई हवी म्हणून त्यांनी मैदानाच्या ऑफिसात सांगूनही ठेवलं.

गुरुवारी त्यांच्या गटात तीन पोरं होती, विशीतली, दहा-दहा वर्षं दुसरं काही न केलेली. पहिल्या होलला साहेब सहा फटक्यांत होलजवळ पोचले. बॉल होलपासून दीड हातावर. साहेब शांतपणे चालत गेले, वाकले, बॉल उचलला, खिशात टाकला आणि पुढच्या होलकडे निघाले.

"काका!" छॉन नावाचा पोरगा ओरडला. "काय करताय?"

"काय म्हणजे? ओके ना?"

"कोण म्हणालं ओके?"

साहेबांनी मागे वळून बघितलं. हो, बघितलं, मी खोटं कशाला बोलू? प्यो कुठे उभा आहे ते शोधत होते. प्यो ऑफिसात होता. पंच आला, एक दंडाचा फटका लावला आणि बॉल होता तिथे ठेवायला लावला. साहेबांनी पाय रोवले, श्वास घेतला आणि दीड हातावरून बॉल होलच्या शेजारून पलीकडे घालवला. परतीचाही हुकला.

पुढचे सतरा होल मला नीट सांगवत नाहीत. झाडीत गेलेला बॉल झाडीतच राहिला, कारण नियमाने मी तीन मिनिटं शोधला आणि खिसे माझे रिकामे होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसे साहेब आधी गवताला बोलले, मग वाऱ्याला, बाराव्या होलनंतर कोणालाच नाही. परीक्षेत फटके कॅडी नाही, सोबतचे खेळाडूच लिहितात; छॉनने एका होलला त्यांच्या कार्डावर अकरा लिहिले तेव्हा त्याचाच चेहरा लाल झाला होता.

संपल्यावर पोरं निघून गेली. साहेब गाडीत बसूनच राहिले.

"एकशे सात," ते म्हणाले. "आज माझा दिवसच नव्हता, ताई."

इथे मी 'नव्हताच, साहेब' म्हणायचं. एकोणीस वर्षांची सवय. पण बॅगेच्या कप्प्यातून तो फॉर्म डोकावत होता. म्हटलं, "साहेब, आज तुमचा नेहमीसारखाच दिवस होता."

"म्हणजे?"

"म्हणजे गेल्या खेपेला एकशे दहा होते. त्याच्या आधी एकशे पाच. अठ्ठ्याहत्तर फक्त टॅबवर."

त्यांनी गाडीतल्या टॅबकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही बोलायचं होतंत."

मला असा राग आला! "मी? साहेब, खेळ संपला की मला शेरा देणारे तुम्ही. दोन शेरे वाईट आले की महिनाभर मला पहाटेची पाळी. आणि बोलले असते तर ऐकलं असतंत? दुसरी कॅडी मागितली असतीत!"

"मागितली असती," साहेब म्हणाले. "चेअरमनसाहेबांबरोबर मी सहा वर्षं खेळलो. सगळ्यात आधी ओके मी ओरडायचो. बॉल थांबायच्या आत. त्याच्यावरच तर वर चढलो. आणि मलाच कळू नये?"

"आपल्याला कोणी ओके म्हटलं की खरंच वाटतं हो साहेब."

"ऑफिसातही असंच असेल का?"

"मला ऑफिसातलं काय कळणार," मी म्हटलं आणि गाडी धुवायला नेली. रात्री जेवण गेलं नाही. फॉर्म भरला तर माझ्यामुळे, नाही भरला तरी माझ्यामुळेच, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

मंगळवारी साहेब आले. एकटेच. तीन बायकांच्या एका गटात एक जागा रिकामी होती, तिथे घुसले. त्या बायका एकमेकींना वीतभराचाही ओके देत नाहीत, ह्यांना काय देणार? साहेब प्रत्येक बॉल होलात घालत होते, चार चार फटके मारून. बायका मागून चालत येत होत्या, तेवढ्यात मी गाडीत हळूच विचारलं, "साहेब, फॉर्मचं काय झालं?"

"भरला," ते म्हणाले. "शुक्रवारी सकाळी मीटिंग घेतली. मुद्दाम. सगळ्यांना म्हटलं, मला एक कल्पना सुचलीय. पुढच्या वर्षी आपण बिनझाकणाचा प्रेशर कुकर काढू."

"बिनझाकणाचा?"

"बिनझाकणाचा. प्यो उभा राहिला. म्हणाला, साहेब, ही क्रांती आहे! सुल म्हणाला, वाफ दिसली की गिऱ्हाईकाला विश्वास वाटतो. मी माच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, हा तरी विचारील की प्रेशर कशाने धरणार. त्याने विचारलं, 'साहेब, रंग कुठला ठेवायचा?' पाच वाजता मी फॉर्म दिला."

मला जे हसू फुटलं! गाडीचा ब्रेक दाबावा लागला. स्टिअरिंगवर डोकं टेकवून मी हसत होते, पोटात कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं. आठ वर्षांत ह्या माणसाच्या विनोदाला मी कितीदा हसले असेन देव जाणे, पण असं एकदाही नाही.

वर बघितलं तर साहेब माझं तोंड न्याहाळत होते, बॉल होलच्या काठावर अडकला की बघतात तसे.

"खरंच हसलात?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय साहेब! खरंच! शपथ!"

"प्योसुद्धा शपथ घ्यायचा," ते म्हणाले आणि काठी घेऊन उतरले.

"अहो साहेब, आईची शपथ!" मी मागून ओरडले. त्यांनी वळून न बघता हात वर केला, असू दे म्हणून. बायका येऊन पोचल्या तरी मी डोळेच पुसत होते.