नको असतील तर नऊ दाबा

सुदामच्या फोनला दिवसभर उसंत नव्हती आणि फोनमुळे सुदामला. अंघोळीला जातानाही तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायचा. वाजला की घाईघाईनं उचलून म्हणायचा, "जय भीम, बोला." पलीकडून एक गोड आवाजाची बाई सांगायची की तुमचं कर्ज मंजूर झालं आहे. बाई कसली, रेकॉर्ड केलेली टेप. सुदामच्या जय भीमला तिनं कधी उत्तर दिलं नाही.

अनोळखी नंबर उचलू नये, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण मुलाचा, धम्मदीपचा फोन आला तर तो अनोळखी नंबरावरूनच येणार होता. पत्रिका वाटून झाल्यावर पोरानं ठरलेलं लग्न मोडलं, आणि मुलीच्या बापापुढे हात जोडून उभं राहावं लागलं ते सुदामला. घरी येऊन तो तोंडाला येईल ते बोलला. शेवटी म्हणाला, या घरात फोनसुद्धा करायचा नाही. पोरगंही बापाच्याच वळणावर गेलेलं. निघून गेलं आणि जुना नंबर बंद करून बसलं. नवीन सिम घेतलंय, एवढंच मित्रांकडून कळलं. कुठं राहतो ते मित्र सांगेनात. सुदामचा राग महिनाभरात उतरला, मागे राहिलं ते नुसतं वाट बघणं.

बरं, फोन वाढले ते सुदामच्याच आज्ञाधारकपणामुळे. टेपवाली बाई शेवटी म्हणायची, असे फोन नको असतील तर नऊ दाबा. सुदामची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर गेलेली. मशीनवरची सूचना पाळली नाही की बोटं जातात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. तो दर वेळी इमानेइतबारे नऊ दाबायचा. फोन दुप्पट झाले. कर्जाच्या जोडीला प्लॉट, विमा आणि गुडघ्याचं तेलही येऊ लागलं.

शेजारची भावना कॉल सेंटरला कामाला होती. तिनं ऐकून कपाळावर हात मारला. नऊ दाबलं की त्यांना कळतं, इथं जिवंत माणूस आहे आणि तो सांगू ते ऐकतो. मग तो नंबर आणखी दहा जणांकडे जातो. जाहिरातींचे फोन बंद व्हावेत म्हणून तिनं १९०९ वर मेसेज टाकून दिला, पण ठग थोडेच नियम विचारतात! मग अनोळखी नंबर सरसकट बंद करू का, असं तिनं विचारलं, तर सुदामनं तिच्या हातातून फोनच ओढून घेतला.

"बरं काका, उचला, पण बोलू नका," ती म्हणाली. "मशीन तुमच्या आवाजाची वाट बघतं. नाही आला तर आपोआप कट करतं. माणूस असेल तर तो हॅलो बोलेलच ना."

ओठावरचं जय भीम गिळणं सुदामच्या जिवावर यायचं, पण युक्ती लागू पडली. मशीनं मुकाट कट व्हायला लागली आणि तो मिशीतल्या मिशीत हसायला लागला.

रविवारी दुपारी पुन्हा फोन वाजला. सुदामनं उचलला आणि गप्प राहिला. पलीकडेही गप्प. हे भलतंच चिवट होतं. सुदामही हट्टाला पेटला. बऱ्याच वेळानं पलीकडून कट झालं.

"हरलं," तो बायकोला म्हणाला.

शालन कांदा चिरत होती. काहीच ऐकू आलं नाही का, असं तिनं विचारलं. नाही म्हणाला, मग आठवून म्हणाला, कुकरची शिट्टी तेवढी झाली.

शालनची सुरी थांबली. "अहो, मशीनच्या घरी कुकर कशाला लागेल?"

फोनसुद्धा करायचा नाही म्हणणारा बाप, आणि पोरानं केला तर बापाच्या तोंडातून शब्द नाही. पोरानं काय समजायचं? सुदामनं तोच नंबर लावला. रिंग वाजत राहिली. शेवटी कुणीतरी उचलला, पण बोललं नाही.

"धम्मा, मी बोलतोय. मघाशी वाटलं मशीन आहे, म्हणून गप्प राहिलो. माझा राग नाही रे तुझ्यावर. ठेवू नको."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "पप्पा, तुम्ही जय भीम पण नाही बोललात. मला वाटलं, तुमचं अजून तेच म्हणणं आहे. हा नंबर पण बंद करणार होतो मी."

"कुठं आहेस?"

"वांगणीला."

वांगणी म्हणजे इथून, अंबरनाथहून, दोन स्टेशनं. इतके महिने पोरगं दोन स्टेशनांवर एकटं कुकर लावून जेवत होतं. सुदाम रडायला लागला. रडता रडता तो फोनवर एवढंच विचारत राहिला, की घर पूर्वेला आहे की पश्चिमेला. शालननं अर्धा चिरलेला कांदा तसाच टाकला होता आणि ती चपला घालून दारात उभी होती.