भोकं खाली ठेवलेला पाइप

मी एक जुना, भोकं असलेला पाइप आहे. हसलात ना? मित्रांनो, ही भोकं पडलेली नाहीत, मुद्दाम पाडलेली आहेत, मोजून आणि ओळीनं. कारखान्यातून मी असाच बाहेर आलो आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

एका घराच्या तळघरात आत्या पुस्तकं बांधायची. भाच्यांची आत्या, म्हणून साऱ्या गल्लीचीच आत्या. पाऊस लागला की भिंतीतून पाणी पाझरायचं, कागद फुगायचे, पुठ्ठ्यांना बुरशी धरायची. तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, बंद कर हा उद्योग. पण आत्याचा जीव त्या कामातच होता. तिनं गवंड्याला बोलावलं. त्यानं भिंतीला लागून पायापर्यंत चर खणला, भिंतीला बाहेरून डांबराचे दोन हात दिले आणि तळाशी खडी पसरून मला ढाळ देऊन निजवलं.

काठावर भावाची लुडबुड चालूच होती. पाइप उलटा बसवलाय, भोकं वर हवीत, असं त्यानं ठणकावून सांगितलं. गवंडी शांतपणे म्हणाला, "साहेब, इथं पाणी खालून चढतं. भोकं वर ठेवली तर पाइपात शिरायच्या आधी ते तळघरात शिरेल."

मग माझे दिवस आले. बारा वर्षं! जमिनीतलं पाणी गुपचूप पोटात घ्यायचं आणि बागेच्या उतारावर तोंडातून सोडून द्यायचं. आत्याची पुस्तकं खडखडीत कोरडी. लोक तिच्या शिलाईचं कौतुक करायचे. माझं नाव कुणी काढलं नाही, पण त्यात माझाही वाटा होता, हे मला ठाऊक होतं.

पुढे भावाला बाग नीटनेटकी करायची हुक्की आली. माझं तोंड त्याला ओंगळ दिसलं. त्यानं त्यावर दगड रचले, माती लोटली आणि फुलझाडं लावली. पुढच्याच पावसात माझा जीव गुदमरला. पाणी अंगात तुंबलं आणि तळघराची भिंत पुन्हा पाझरू लागली. तेव्हा वाचनालयाची तीनशे पुस्तकं आत्याकडे दुरुस्तीला आली होती. भाऊ म्हणाला, पाइप कामातून गेला, पुस्तकं परत पाठव आणि तळघराला कुलूप लाव. ते मला फार लागलं.

आत्या तशीच भिजत बागेत गेली. उतारावर पाण्याचा थेंबही येत नव्हता. तिनं भावाला विचारलं, "याचं तोंड कुठंय?"

भावाचा चेहरा उतरला. त्यानं स्वतःच फावडं घेतलं, आपलीच फुलझाडं उपटली, दगड ओढून काढले. आणि मी वाहिलो, मित्रांनो, थेट त्याच्या पायांवरून! संध्याकाळपर्यंत भिंतीचा पाझर थांबला. एकही पुस्तक परत गेलं नाही.

"चूक माझी होती, ताई," भाऊ म्हणाला. "पाइपाला उगाच नावं ठेवली."

मला कौतुक नको, असं मी म्हणणार नाही. हवंय की! पण त्याआधी माझं तोंड मोकळं ठेवा. तुमच्या घराच्या पायाशीही माझा एखादा भाऊबंद राबत असेल. त्याचं तोंड कुठे उघडतं, ते आजच घरातल्या मोठ्यांना विचारा. कुणालाच सांगता आलं नाही, तर त्यांना सोबत घेऊन शोधायला लागा.