दुधाच्या वाटीतले खडे

पकडापकडीत भाचीने दाराआडून उसळी घेतली, मामा नेमका तेव्हाच खाली वाकला, आणि अशी टक्कर झाली की मामाला भरदिवसा तारे दिसले. डोळे उघडून बघतो तर पोरीचा समोरचा दात अर्धा गायब! तोही नुकता आलेला, पक्का. एरवी कशावरही खदाखदा हसणारी ती पोर ओठ गच्च मिटून बसली. मामाचा जीव तीळतीळ तुटला. आता ही पुन्हा हसलीच नाही तर?

"तुकडा मिळाला तर चिकटवता येईल. दुधात घालून आणा," दातांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. झालं! मामाने रक्ताळलेल्या कपाळाला रुमाल बांधला आणि अख्खं अंगण पालथं घातलं. पांढरं दिसेल ते वाटीत.

"ताई, डोकं फार ठणकतंय गं."

"तुझ्या डोक्याचं कौतुक नंतर!" ताई कडाडली.

दवाखान्यात बाईंनी चिमट्याने दुधातून एकेक रत्न वर काढलं. शर्टाचं बटण. फरशीची कपची. अंड्याचं टरफल. खडू.

"दात सोडून सगळं आणलंत की हो!"

मामाचं तोंड एवढंसं झालं. भाची खुर्चीत बसली खरी, पण तोंड उघडेल तर शपथ.

"आधी मामा," ती मिटल्या ओठांतूनच पुटपुटली.

मामा निमूटपणे बसला. बाईंनी रुमाल सोडला, दिवा जवळ ओढला. "अहो, हे काय रुतलंय?"

"आई गं!" मामाने दवाखाना डोक्यावर घेतला. चिमट्याच्या टोकाला दाताचा तुकडा!

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" म्हणत ताईने कपाळावर हात मारला. मामाच्या. तो पुन्हा बोंबलला.

आणि भाची फसकन हसली. मग खदाखदा, आ वासून, पोट धरून.

"अशीच राहा, बाळा!" बाईंनी संधी साधली. हिरडी बधिर केली, उघड्या पडलेल्या नसेवर औषध लावलं, तुकडा धुऊन चिकटवला, तो पक्का बसावा म्हणून वर निळा दिवा धरला.

भाचीने आरशात दात न्याहाळला. "उद्या वर्गात सांगणार! माझा दात मामाच्या डोक्यात जाऊन आला!" आणि पुन्हा तेच, तोंडभर हसू.

मामाला रडू आवरेना आणि हसूही आवरेना. त्याच्या कपाळाला टाके घालणाऱ्या बाई मात्र ओरडत होत्या, "अहो, हलू नका!"