पूजेतलं खोकं

घरात काही सापडेनासं झालं की पवित्रा आधी स्वतःवर चिडायची, मग नवऱ्यावर, आणि सगळ्यात शेवटी शोधायला लागायची. त्या सकाळी मात्र चिडायलाही सवड नव्हती. लांबच्या एचएसआर लेआउट वस्तीतल्या एका शाळेत थोड्याच वेळात तिला तिसरीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता, त्यावर तिची नोकरी ठरणार होती, आणि शिकवायच्या सामानाचं खोकं बसवनगुडीच्या त्या घरात कुठेही दिसत नव्हतं. पलंगाखाली नाही, कपाटावर नाही, गॅलरीत नाही.

खोकं तसं साधंच, साडीच्या दुकानातलं, पुठ्ठ्याचं. पण त्यात तिने जीव ओतला होता. लेक झाली तेव्हा तिने शिकवणं सोडलं, आणि आता लेकच शाळेत जायला लागली होती. पुन्हा नोकरी शोधायला गेली तर जिथे जावं तिथे एकच प्रश्न, मधली वर्षं काय केलंत? आता काय केलं हे कसं सांगायचं! दुपारी लेक झोपली की ती नेटवर फुकट मिळणारं काय काय उतरवून घ्यायची. केरळातल्या कुठल्याशा बाईंनी केलेला अपूर्णांकांचा खेळ, सरकारी संकेतस्थळावरची मोजमापाची पानं, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणीतरी टाकलेले अंकांचे पत्ते. मग कोपऱ्यावर जाऊन छापून आणायचं, कापायचं, पुठ्ठ्यावर चिकटवायचं. जोडीला बाटल्यांची झाकणं, आइस्क्रीमच्या काड्या, जुनी बटणं. घरातलं काही फेकायचं झालं तर आधी पवित्राला विचारायचं, असा नियमच होऊन बसला होता.

इतक्या शाळांतून बोलावणं आलं ते या एकीचंच. आणि हे हुकलं तर? "नाही झालं तर गल्ल्यावर बस की, आपलंच दुकान आहे," असं नागराज, तिचा नवरा, म्हणाला होता. गांधी बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. आणि हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला होता! रागाने म्हणाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

"आत्याबाई, माझं खोकं पाहिलंत का हो?" तिने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

कृष्णवेणीबाई, तिच्या सासूबाई, डोशाचं पीठ ढवळत होत्या. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "पाहिलं का म्हणजे? मीच ठेवलंय की. ये, दाखवते."

आणि त्या तिला घेऊन गेल्या त्या थेट देवघरात.

नवरात्रात सप्तमीला या घरात सरस्वती बसवतात. पाटावर पुस्तकं, दुकानाच्या वह्या, जुना पितळी तराजू, सगळं रचून त्यावर देवीचं आवाहन करायचं. ते एकदा झालं की दशमीपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. सासरे गुंडूराव तर या दिवसांत विजेचं बिलसुद्धा वाचत नसत. आदल्या संध्याकाळी पवित्रा शिंप्याकडून ब्लाउज आणायला गेली होती. परत आली तोवर पूजा आटोपली होती, आणि तिने घाईघाईत दारातूनच हात जोडले होते.

आता तिने नीट पाहिलं. रास तीच होती. फक्त तिच्या तळाशी, सगळ्यांचा भार घेऊन, हळदीकुंकू लावलेलं तिचं खोकं बसलं होतं. त्यावर तिचा लॅपटॉप. लॅपटॉपवर झेंडूचं फूल. मग वह्या, पुस्तकं, तराजू, आणि वर साक्षात सरस्वती.

"तूच म्हणालीस ना, हे माझं शिकवायचं सामान आहे, स्वल्प, जरा जपून ठेवा म्हणून? याच्यापेक्षा जपून आणखी कुठं ठेवायचं सांग."

"आत्याबाई, ते मला आज न्यायचंय. मुलाखतीला."

"मुलाखतीला? तिथं प्रश्न विचारतात की. खोकं कशाला लागतंय?"

"मुलांना शिकवून दाखवायचंय. त्यावरच घेणार का नाही ते ठरणार आहे."

कृष्णवेणीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं. त्या पदर खोचून पुढे झाल्या. "सरी, ठीक आहे. काढते मी. देवीला सांगते, चूक माझी, पोरीला काही करू नको." त्यांनी तराजूला हात घातला खरा, पण तो उचलला मात्र नाही. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. मांडतात ते सगळं बाप्यांचं. तराजू यांचा, वह्या यांच्या. एकदा मी माझा अडकित्ता ठेवला, तर मामंजी हसले आणि उचलून माझ्या हातात दिला परत. काल म्हटलं, आता सून आहे, तिचं सामान आहे. या घरातल्या बाईचं काहीतरी मांडू दे की एकदा. म्हणून मुद्दाम तळाला ठेवलं बघ. पाया म्हणून."

पवित्राच्या जिभेवर चांगली दोन-चार खरमरीत वाक्यं आली होती, ती तिथेच अडकली. तिला रडू येत होतं, आणि राग कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. शेवटी तिने सासूचा हात धरून तराजूवरून बाजूला केला.

"राहू द्या, आत्याबाई. असू दे तिथंच."

यात सासूबद्दलची माया किती आणि देवी कोपली तर नोकरी जाईल ही धास्ती किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

रिक्षा सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत अडकली तेव्हा मात्र तिचं मोठं मन कुठल्या कुठे पळालं. मूर्ख आहेस, असं तिने स्वतःला मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत आळीपाळीने सांगितलं. फोनमध्ये सगळी पानं होती, पण फोनमधलं पान वर्गातल्या इतक्या मुलांच्या हातात कसं देणार? मांडीवर पर्स सोडून काही नव्हतं, आणि पर्समध्ये कंगवा, रुमाल आणि घराची किल्ली.

शाळेच्या बाकावर तिच्या आधी पाठ घ्यायच्या बाई बसल्या होत्या, पायाशी चाकांची बॅग. त्या आत जाऊन आल्या. मग मुख्याध्यापिका सुप्रीता बाहेर आल्या, पवित्राच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचं साहित्य?"

"घरी सरस्वतीच्या पूजेत आहे, मॅडम. दशमीपर्यंत हलवता येत नाही."

सुप्रीता इथल्याच, त्यामुळे त्यांना अर्थ कळला. पण अर्थ कळणं वेगळं आणि गुण देणं वेगळं. "विषय लांबी मोजणे," एवढंच बोलून त्या वर्गात मागे जाऊन बसल्या.

पवित्रा मुलांसमोर जाऊन उभी राहिली. मुलं बिचारी कंटाळलेली दिसत होती. सकाळपासून नव्या नव्या बाई येत होत्या आणि रंगीत कागद वाटून जात होत्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तर सवयीने हातच पुढे केला, कागद घ्यायला.

"कागद नाहीत माझ्याकडे," पवित्रा म्हणाली. बोलणं इंग्रजीत आणि कन्नडात, जसं सुचेल तसं. "माझी एक अडचण आहे. मला या टेबलाएवढी चादर शिवून घ्यायची आहे. शिंप्याला माप सांगायचंय. पण पट्ट्या सगळ्या आज सुट्टीवर. आता काय करायचं?"

मुलं टेबलाकडे बघू लागली. मग रूपश्री नावाची एक उंच मुलगी म्हणाली, "हाताने मोजू. वितीने."

आणि वर्ग टेबलावर तुटून पडला. प्रत्येकाने मोजलं आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं. सगळ्यात मोठं उत्तर त्रिविक्रमचं. तीन पावलांत त्रिभुवन मोजणाऱ्या देवाचं नाव लाभलेलं हे पोर वर्गात सगळ्यात ठेंगणं होतं, आणि आपला आकडा सगळ्यांत मोठा म्हणून आपण जिंकलो अशी त्याची ठाम समजूत झाली होती. रूपश्री म्हणाली, चुकला. तो म्हणाला, तूच चुकलीस. हळूहळू वर्गात अर्धे याच्या बाजूने, अर्धे तिच्या. एरवी पवित्राने गप्प बसा म्हटलं असतं. आज तिने त्यांना मनसोक्त भांडू दिलं.

"पण शिंप्याने कुणाचं ऐकायचं?" तिने मध्येच विचारलं.

भांडण थांबलं. दोघांनी पंजाला पंजा लावून पाहिला आणि काय ते दोघांनाही कळलं. "कुणा तरी एकाचाच हात घेऊ," रूपश्री म्हणाली. "माझा घ्या."

"तुझा नको," त्रिविक्रम म्हणाला. "तुझा हात वाढणार. मग पुढच्या वर्षी टेबल लहान होईल."

मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. सुप्रीता मॅडम हसत होत्या. पवित्राच्या छातीवरचं ओझं तेव्हा पहिल्यांदा जरासं हललं.

मग वाढून झालेला हात हवा असं ठरलं, आणि सगळ्यांनी पवित्राचाच निवडला. कचऱ्याच्या टोपलीतून मघाच्या बाईंचे रंगीत कागद निघाले. तिच्या वितीएवढ्या पट्ट्या मुलांनी फाडल्या, एकमेकांशी ताडून पाहिल्या, तिरक्या निघाल्या त्या पुन्हा केल्या. टेबल मोजलं, फळा मोजला, खिडकी मोजली. शेवटी त्रिविक्रम जमिनीवर सरळ आडवा झाला आणि त्याने स्वतःला मोजून घेतलं. या वेळी सगळ्यांचं उत्तर एकच आलं. पवित्रा विसरूनच गेली की आपली परीक्षा चालली आहे.

घंटा झाली तेव्हा ती भानावर आली. दारात पुढच्या बाई उभ्या होत्या. पवित्राने पर्स उचलली, तोच त्रिविक्रमने तिचं मनगट धरलं.

"मिस, पट्टी फाटली तर? हात घेऊन जाऊ नका."

"हात कसा ठेवतील?" रूपश्री त्याला समजावत म्हणाली. "मिसनाच राहायला लागेल."

सगळी मुलं मागे वळून मुख्याध्यापिकांकडे पाहू लागली. सुप्रीतांनी हातातला गुणांचा कागद दुमडला. "दसऱ्यानंतर येतील मिस," त्या मुलांना म्हणाल्या. मग पवित्राकडे वळून खालच्या आवाजात, "बाकीच्यांचे पाठ मी बघते, बोलावलंय त्यांना. पण तुम्ही या."

फाटकाबाहेर आल्यावर पवित्राला बसावंसं वाटलं, म्हणून ती तिथल्या कठड्यावर बसली. इतकं मोकळं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिने घरी फोन लावला. तो गुंडूरावांनी घेतला.

"तुझी सासू तू गेल्यापासून देवघरात बसलीय," ते काळजीने म्हणाले. "पाणीसुद्धा घेतलं नाही. कुणाचं ऐकतेय? तूच बोल."

फोन सासूबाईंच्या हातात गेला.

"आत्याबाई," पवित्रा म्हणाली, "मिळाली नोकरी. जेवून घ्या आता."