बैलबुडीवरचा बांध

माझी मुलगी सुरभी कोलाडला नदीवर नोकरीला आहे, एवढंच मी चार वर्षं लोकांना सांगत होतो. काय काम करते, असं कोणी विचारलं की मला खोकला यायचा. कुंडलिकेत रोज सकाळी वीजघराचं पाणी सुटतं. मुंबईची माणसं रबरी होड्यांत बसून किंचाळत खाली जातात आणि त्यातलं कोणी पडलंच तर काढायला एक लांबोडकी, एका माणसाची होडी बरोबर असते. तिला कयाक म्हणतात. त्या कयाकमध्ये आमची सुरभी असते. मी एकदाही बघायला गेलो नव्हतो. शेताची कामं असतात, असं सांगायचो. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची.

श्रावणात, लावणी आटपून हात मोकळे झाल्यावर, एक दिवस जेवताना ती म्हणाली, "रविवारी आपला ओहोळ उतरनार हाय मी. वरच्या कातळापासून साकवापर्यंत."

"चालत?" मी विचारलं.

"कयाकमधनं."

आमचा ओहोळ म्हणजे अर्ध्या किलोमीटरचा कारभार. डोंगरातून सुटतो, चार ठिकाणी उड्या मारतो आणि साकवाच्या लहान पुलाखालून नदीकडे जातो. त्यातली तिसरी उडी आमच्या शेताला लागून आहे. तिला बैलबुडी म्हणतात, कारण माझ्या बापाचा बैल तिथंच गेला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि काठावर उभा होतो. हे मी तिला पुन्हा एकदा सांगितलं.

"बैलाला हेल्मेट नव्हतं, बाबा," ती म्हणाली. माझी बायको सरू तोंडाला पदर लावून हसली. या घरात माझ्या बाजूचं कोणी नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग ताट उचलता उचलता सुरभी हळूच म्हणाली, "तू ये ना बघायला. कोलाडच्या कॅम्पवर कदी आलाच नायस. हितं तरी ये." तिचं एवढं एकच मागणं होतं. मी हं म्हणालो.

येईन तर म्हणालो. पोरीला नाही म्हणून उपयोग नव्हता, ती माझ्यावरच गेली आहे. पण पाण्याला वळवणं मला येतं. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? बैलबुडीच्या जरा वर आमच्या शेताचा पाट फुटतो. रविवारी उजाडताच मी खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, निम्म्या ओहोळाला आडवी रांग लावली आणि पाटाचं तोंड फावड्यानं मोठं केलं. निम्मं पाणी शेतात गेलं. बैलबुडी एकदम शहाणी दिसायला लागली. मी स्वतःवर इतका खूश झालो की घरी जाऊन दोन कप चहा प्यालो.

दहाच्या सुमाराला सुरभी लाल कयाक खांद्यावर घेऊन आली. बरोबर वासिफ होता. तो शेजारच्या गावचा, सहा वर्षं कुवेतला राहून परत आलेला. कॅम्पवर सुरभीला कयाक त्यानंच शिकवली. मी आपला बैलबुडीच्या काठावर गवत कापायचं सोंग करत बसलो. मला वाटलं होतं, हे सरळ वर जातील आणि उतरायला लागतील. ही माणसं आधी काठानं चालत एकेक उडी बघून घेतात, हे मला कोण सांगणार?

सुरभी बैलबुडीपाशी थांबली. "पानी कुठं गेलं?"

ती चढून वर गेली. दोन मिनिटांनी तिची हाक आली. "बाबा! ह्या गोन्या तू लावल्यास."

"कोन म्हनतो?"

"सुतळीचे तीन वेढे आनि वर उलटी गाठ. आख्ख्या गावात दुसरा कोन बांधतो अशी?"

मी विळा खाली ठेवला. "जरा हलकं केलं पानी. तुझ्यासाठीच केलं."

ती भडकली, मला दिसलं. पण तिनं ओठ घट्ट मिटले, खाली येऊन मला हाताला धरून कडेला नेलं आणि बोटानं दाखवलं. "ते तीन दगड बघ. काल पान्याखाली होते. पानी भरून असलं की होडी त्यांच्यावरनं जाते, आनि खाली डोह खोल असतो. तू पानी काढलंस म्हंजे माझ्या अंगाखालची गादीच काढलीस."

मी बघत राहिलो. दगड काळे, धारदार, नुकते उघडे पडलेले. पाणी उतरलं की ओहोळ ओलांडावा, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. कमी पाणी म्हणजे जीव वाचला. माझ्या हातून पोरीसाठी सापळा लागला होता आणि वर मी चहा पिऊन आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वासिफ समजुतीनं म्हणाला, "राहू दे, काका. पुढच्या वेळी बघू."

सुरभीनं हेल्मेटचा पट्टा सोडला. "व्हय. राहू दे, बाबा. नको घाबरू तू."

मला हवं होतं तेच झालं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. पण तिनं ते रागानं म्हटलं असतं तर चाललं असतं. ती समजूत घालत होती. आपल्या बापाला हे झेपायचं नाही, हे तिनं मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं आणि ते मला सहन झालं नाही.

मी वर बांधापाशी जाऊन फावडं घेतलं आणि मांडीभर पाण्यात उतरलो. वासिफ मदतीला यायला लागला, त्याला म्हटलं, "तू खाली डोहापाशी दोर घेऊन उभा ऱ्हा. लावल्यात मी, काढनार पन मीच." एकेक गोणी ओढून काठावर टाकली. पाटाचं तोंड दगडमातीनं बुजवलं. तेवढ्यात सरू ओरडत आली, "अवो, भात बुडालं ना आपलं!"

"उतरंल गो आता," मी म्हणालो. "पोरीचं पानी होतं, तिला परत देतोय."

ओहोळ पुन्हा मूळचा आवाज करायला लागला. ते तीन दगड एकेक करून दिसेनासे झाले. सुरभीनं माझ्याकडे एकदा बघितलं, पट्टा घट्ट केला आणि कयाक उचलून वर निघून गेली.

खालून वासिफची शिट्टी झाली. मग वर झाडांमधून लाल रंग दिसला. पहिली उडी तिनं अशी घेतली की जणू पायरी उतरली. दुसरीला होडी बाजूला कलली आणि वल्ह्याच्या एका फटक्यानं सरळ झाली. माझी मुलगी हे करते? चार वर्षं हे करते आणि मी खोकत होतो? ऊर भरून आला माझा. मग ती बैलबुडीच्या कडेवर आली, होडीचं टोक हवेत गेलं, आणि मला काही दिसलं नाही.

सरूची किंकाळी ऐकू आली. ती आनंदाची होती, हे कळायला मला जरा वेळ लागला. वासिफ टाळ्या वाजवत होता. सुरभी डोहाच्या मधोमध होती, कयाकमध्ये बसलेली, तोंडावरनं पाणी निथळत होतं आणि दात सगळे बाहेर.

"बाबा! पाह्यलंस?"

व्हय म्हणायला माझं काय जात होतं? सगळे खूश होते. सरू तर मला ढोसत होती, बोला की.

"नाय," मी ओरडलो. "डोळं मिटलं माझं."

ती वल्हं मांडीवर ठेवून इतकी हसली की होडी डुलायला लागली. "मंग आता? परत उतरू?"

मी काठाच्या दगडांवरून खाली उतरलो, ती बाहेर आल्यावर तिच्या हातातली कयाक घेतली, खांद्यावर टाकली आणि वरच्या कातळाची वाट धरली.