होडीवरचं दुसरं माणूस

किनाऱ्यालगतच्या खडकांपाशी मासेमारी बंद करायची का, असं सभेत विचारलं तेव्हा सगळ्यात आधी हात वर झाला तो मुकेमामांचा. बंदरावर सगळे त्यांना लाडाने हेच म्हणत, कारण मामांच्या तोंडून शब्द काढणं कर्मकठीण. पण जाळ्यात नुसती पिल्लं येऊ लागली होती. खडक काही वर्षं मोकळे सोडले तर मासा वाढेल, हे त्यांना मनापासून पटलं होतं.

पाण्यात हद्दीचे पिवळे, तरंगते बोये पडले आणि मामांचीच पंचाईत झाली. खडकांपाशी त्यांचं एकट्याचं भागायचं. बोयांपलीकडे मात्र पाण्याला ओढ फार. एकाने जाळं ओढायचं तर दुसऱ्याने वल्ही धरून होडी आवरायला हवी. मुलाचं गॅरेज दूर शहरात, पगारी गडी परवडेना. शेवटी मनावर दगड ठेवून मामांनी होडी विकायचं ठरवलं. बायकोला सांगायचं तेवढं टाळलं.

मामींना मासळीबाजारात बसल्याबसल्या सगळं कळायचं, तसं हेही कळलं. जन्मभर मासे विकले, पण होडीत त्यांनी पाय ठेवला नव्हता. साध्या झोपाळ्यावरही त्यांना मळमळायचं.

"उद्या मी येते," मामी म्हणाल्या.

"तुला सोसायचं नाही."

"आणि तुम्हाला होडीवाचून सोसेल? दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसाल. त्यापेक्षा ओकलेलं बरं."

बोयांपलीकडे पोचेपर्यंत मामींनी पोटातलं सगळं समुद्राला दिलं, पण वल्ही सोडली नाहीत. होडी भलतीकडे वळली की मामा ओरडत, मग मामी त्याहून मोठ्याने. मामांना स्वतःचाच आवाज नवा वाटला. जाळं वर आलं तेव्हा मासे टोपलीचा तळ झाकण्यापुरतेच होते, पण चांगले भरलेले. मग मामांना बायकोच्या तळव्यांवरचे फोड दिसले. बाटलीतलं पाणी घेऊन त्यांनी ते हळूच धुतले.

"प्यायचं पाणी आहे ते," मामी पुटपुटल्या, पण हात काही मागे घेतले नाहीत.

मामी बाजारात टोपली मांडतात न मांडतात तोच होडी विकत घेणारा आला आणि मामांच्या हातात विसार ठेवू लागला. मामांनी मूठ मिटली.

"हिला विचार. होडीवर आता आम्ही दोघं असतो."

मामींनी मान वर केली.

"होडी विकायची नाही. मासे हवेत तर बोल," त्या म्हणाल्या, "आणि भाव कमी होणार नाही. फार लांबून आणलेत."